आत्याच्या कॅलिपरचा खटका

आधीच सांगून टाकते — असले अनुभव मी वाचते, पण हसायला वाचते. पिंपळाखालची बाई, वळणावर लिफ्ट मागणारा म्हातारा, बंद खोलीतून येणारा पैंजणांचा आवाज... आणि खाली लोकांच्या कॉमेंट, 'अंगावर काटा आला.' माझ्या अंगावर कधी आला नाही. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच घरातून देव्हारा गेला आणि त्याच्यासोबत उतारे, गंडेदोरे, अंगात येणं, सगळंच गेलं. त्यात मी टूल अँड डायचा, म्हणजे कारखान्यातल्या साच्यांचा, डिप्लोमा केलेली बाई. आमच्या धंद्यात जे मायक्रोमीटरनं मोजता येत नाही ते नसतंच.

त्यामुळे हे लिहिताना मला भीती वगैरे काही वाटत नाहीये. मला चीड येते आहे. मागच्या हिवाळ्यापासून येते आहे आणि ती कोणावर काढायची तेही कळत नाही.

माझं अमरावतीच्या एमआयडीसीत छोटं शेड आहे. एक वायरकट मशीन, एक सरफेस ग्राइंडर, मी आणि ऑपरेटर गजूभाऊ. गजूभाऊ मूळचे बार्शीटाकळीकडचे, माझ्याहून वयानं मोठे, हाताला एकदम साफ आणि डोक्यानं पूर्ण भाविक. खंडेनवमीला मशीनला हार घालतात तेव्हा मी काही बोलत नाही, कारण त्या निमित्तानं मशीनच्या मागची धूळ तरी पुसली जाते.

ज्यांना वायरकट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केसाहून जराशी जाड पितळी तार, पाण्यात बुडवलेला पोलादाचा तुकडा आणि दोघांच्या मधे सतत उडणाऱ्या बारीक ठिणग्या. तार पोलादाला कुठेच टेकत नाही. ठिणगी उडते, तेवढा कण जळून पाण्यात जातो आणि तार पुढे सरकते. लांबून पाहिलं तर दोऱ्यानं साबण कापावा तसं दिसतं. तार कुठून कुठे जाईल हे कॉम्प्युटरवर आधी लिहून द्यावं लागतं. त्यात जे लिहिलं तेच मशीन करते — जास्त नाही, कमी नाही. निदान मागच्या हिवाळ्यापर्यंत माझी अशीच समजूत होती.

आता आत्याबद्दल. माझ्या वडिलांची ही मोठी बहीण बडनेऱ्याला आजोबांनी बांधलेल्या घरात एकटी राहते. आजोबा रेल्वेत फिटर होते, माझ्या जन्माच्या आधीच गेले. आत्याला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला कमरेपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, हातात काठी, आणि या दोघांच्या भरवशावर तिनं बडनेरा ते मूर्तिजापूर रोज पॅसेंजरनं जाऊन-येऊन नोकरी केली. तिथल्या एका शाळेत आधी बाई होती, मग मुख्याध्यापिका झाली. शाळेत तिची ख्याती अशी की मॅडम वर्गात कधी बसत नाहीत. मुख्याध्यापिका झाल्यावरही एक तास शिकवायचीच, आणि तोही उभ्यानं. वर्गातली खुर्ची फक्त पर्स ठेवायला आहे अशी पोरं गंमत करायची. आम्ही घरचेही तिला कडक म्हणायचो.

तर या आत्याच्या कॅलिपरचा खटका गेला. गुडघ्याच्या सांध्यात एक पोलादी तुकडा असतो, अंगठ्याच्या पेराएवढा. त्याच्या एका टोकाला नाक असतं. ते सांध्यातल्या खाचेत बसलं की गुडघा सरळ राहतो आणि माणूस उभा राहू शकतो. दुसऱ्या टोकाला शेपटी असते. ती बोटानं दाबली की नाक खाचेतून बाहेर येतं, गुडघा वाकतो आणि माणूस बसू शकतो. हाच खटका. आत्याच्या खटक्याचं नाक झिजून गोल झालं होतं. मूर्तिजापूरच्या प्लॅटफॉर्मवर चालता चालता तो सुटला आणि ती पडली. चष्मा फुटला, कोपर सोललं... तेवढ्यावर निभावलं.

तिच्या रिटायरमेंटला थोडेच आठवडे उरले होते. शाळेतून सगळे म्हणाले, मॅडम, आता रजाच टाका, निरोप समारंभाला गाडी पाठवू. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर बसून होती आणि भयंकर चिडलेली होती.

"रजेवर रिटायर होऊ काय व? समारंभाले मले खुर्चीवर बसवून नेतीन अन् खुर्चीवर बसवून आणतीन. एवढे वर्षं मी माह्या पायानं त्या शायेत गेली. शेवटच्या दिवशीही माह्याच पायानं निंगीन. तू मले खटका करून दे."

नवं, हलकं कॅलिपर करून पाहिलं नव्हतं असं नाही. पण तिचा पाय इतक्या वर्षांत जुन्या लोखंडाच्याच वळणाचा झाला आहे. नवं घातलं की ती दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखी चालते आणि पडते. तसला खटका बाजारात मिळणं केव्हाच बंद झालंय. म्हणजे मी करणं हाच रस्ता होता. मला तर यात अडचण असं काही दिसलंच नाही. जी बाई रोज डायच्या प्लेटा कापते तिच्यासाठी अंगठ्याएवढा तुकडा म्हणजे काय? मी ऐटीत सांगितलं, "परवा आणून देते."

ऐट कुठं गेली ते पुढं कळेलच.

जुना खटका मी शेडवर आणला, प्रोफाइल प्रोजेक्टरवर मोठा करून मोजला, झिजलेलं नाक पूर्ववत धरून ड्रॉइंग केलं. शेपटीची कड सरळ होती. म्हणजे त्या कडेसाठी प्रोग्रॅममध्ये एकच ओळ — या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत सरळ जा. चांगलं हार्डन केलेलं पोलाद घेतलं. गजूभाऊंनी सेटिंग केलं. तुकडा कापून झाल्यावर पाण्यातून काढून पुसला आणि बघते तर शेपटीच्या कडेला एक खळगी.

अर्धगोल आणि उथळ. नख अडकेल एवढीच.

मी म्हटलं, एन्ट्री मार्क असेल. तार तुकड्याच्या कडेला जिथून आत शिरते तिथं थोडीशी खूण राहते, ही रोजची गोष्ट आहे. आपली एन्ट्री चुकीच्या जागी पडली, बस. एन्ट्री फिरवून दुसऱ्या बाजूला नेली आणि पुन्हा कापला. खळगी तिथंच. तेवढीच.

मग नेहमीचे सोपस्कार सुरू झाले. तार बदलली. तारेचे गाईड साफ केले. पाण्याचा फिल्टर नवा टाकला. पोलादात कुठं दोष असेल म्हणून दुसऱ्या लॉटची प्लेट घेतली. खरं तर पोलादात दोष असला तर तार तुटते, अशी गुळगुळीत खळगी पडत नाही, हे मला माहीत होतं... पण माणूस वैतागला की माहीत असलेलं पण तपासून बघतो. त्याच प्लेटमधून, त्याच सेटिंगवर मी एक साधा चौकोन कापला. चारही कडा आरशासारख्या. लगेच शेजारी खटका कापला. खळगी.

पडद्यावर तार कुठून गेली ते दिसत असतं. मी समोर उभी राहून पाहिलं. शेपटीच्या कडेला रेषा सरळ गेली. एकदाही वळली नाही. पाण्यातून निघालेल्या तुकड्याला मात्र खळगी होतीच.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर मशीनच्या दाराला लिंबू-मिरची.

"हे काय आहे?"

"मॅडम, मशीनले नजर लागली. काई नाई होत, एक निंबू तं हाय."

"गजूभाऊ, नजर लागायले मशीन काय बाळ हाय? काढा ते. अन् तो सगळा स्क्रॅप पण माह्या डोयासमोरून काढा. मले दिसला नाई पायजे."

स्क्रॅप म्हणजे तेच, खळगीवाले खटके. आमच्या धंद्याचा हा पहिला नियम — ड्रॉइंगप्रमाणे नाही तर स्क्रॅप. मग तो तुकडा कितीही देखणा असो. शिकत होते तेव्हापासून हे हाडात भिनलेलं आहे. त्यामुळे प्रत्येक खटका मोजायचा, खळगी बघायची, शिवी घालायची आणि डब्यात फेकायचा, हा माझा कार्यक्रम झाला होता. गजूभाऊंनी लिंबू खिशात टाकलं आणि डबा उचलून मागे नेला.

इकडे आत्याचे फोन सुरू. पहिल्या दिवशी प्रेमानं, मग जरा कोरडे.

"मने, तुह्या त्या एवढ्या मोठ्या मशीनवर एवढासा तुकडा निंगत नाई का?"

"निंगते आत्या, पण बरोबर नाई निंगून राहिला."

"काहून?"

काहून ते मला माहीत असतं तर आणखी काय पाहिजे होतं. शाळेत तिच्या जागी शिकवायला दुसरी बाई गेली होती, हे तिनं त्या फोनवर दोनदा सांगितलं. दिवस चालले होते आणि ती खाटेवर बसून होती. मला रात्री जेवण जाईना. नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावर खेकसले.

शेवटी मी अकोल्याला गेले. तिथल्या एमआयडीसीत सलीमभाईंचं वायरकट आहे, वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या कंट्रोलचं. डाळ मिलचे सुटे भाग त्यांच्याकडे वर्षभर कापले जातात. मुद्दाम पेन ड्राइव्ह नेला नाही. म्हटलं, माझ्या फाइलीतच काही घाण असेल तर ती तिकडे नको जायला. फक्त आकडे नेले आणि सलीमभाईंनी स्वतःच्या हातानं प्रोग्रॅम टाइप केला. शेपटीच्या ओळीशी आल्यावर मी त्यांना थांबवून ती ओळ मोठ्यानं वाचायला लावली. दोन बिंदू आणि मधे सरळ रेषा. सरळ रेषेत काही लपायला जागाच नसते.

पोलाद त्यांचं, तार त्यांची, पाणी त्यांचं. सलीमभाईंनी चहा मागवला. मशीन थांबलं. त्यांनीच तुकडा काढला, पुसला आणि बराच वेळ बघत राहिले.

"आपने बोला था वैसाच है. लाइन तो सीधी थी. मैंने खुद डाली."

"हो."

"और एक काटूं?"

"काटो."

दुसराही तसाच निघाला. मी तिथल्या तिथं तो त्यांच्या स्क्रॅपच्या पिंपात फेकला. पहिला सलीमभाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. आवाज हळू करून म्हणाले, "बहन, बुरा मत मानना. इसको ले जाओ, यहां मत रखो. मेरे को समझता नई वो चीज मैं शॉप में रखता नई."

एवढा समजूतदार माणूस, गजूभाऊंसारखा लिंबूवाला नाही, आणि तोही असं बोलला. गाडी चालवताना मला इतका संताप आला होता की मूर्तिजापूरच्या आसपास मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसती बसले. मला रडू येत होतं. आपल्याला आयुष्यात एकच गोष्ट नीट येते आणि नेमकी तीच, नेमकी आत्यासाठी येऊ नये? परक्यांच्या डाय मी मायक्रॉनमध्ये करून देते. घरच्या बाईला उभं करायला मला एक सरळ कड जमत नव्हती.

तिथून तशीच बडनेऱ्याला गेले. ठरवलं होतं की सांगून टाकायचं — नाही होत, आत्या. कोणाकडून तरी पट्टीवर कानस मारून तात्पुरतं काही करून घेऊ, नाहीतर रजा टाक.

ती खाटेवरच होती. समोर शाळेच्या पेपरांचा न तपासलेला गठ्ठा. मी आत गेल्या गेल्या तिला कळलं असावं, कारण तिनं काही विचारलं नाही. मी पिशवीतून खटका काढून तिच्या हातात दिला, निव्वळ दाखवायला. "हे पाय. असाच निंगते दरवेळी. अकोल्यालेही असाच निंगाला. ही खळगी ड्रॉइंगमध्ये नाई, प्रोग्रॅममध्ये नाई, कुठंच नाई. माह्या हातून नाई होत आत्या."

तिचा चष्मा अजून दुरुस्त होऊन आला नव्हता, त्यामुळे तिनं खटका डोळ्यांशी नेला नाही. अंगठा फिरवला. शेपटीवर आल्यावर अंगठा थांबला. मग तिनं तर्जनीचं टोक त्या खळगीत ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"असे किती केले तू?"

"खूप."

"अन् कुठं हायत?"

"फेकले. ड्रॉइंगप्रमाणं नव्हते."

"लावून पायला एखादा?"

खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ड्रॉइंगप्रमाणे नसलेला तुकडा आम्ही लावून बघत नसतो.

"लाव," आत्या म्हणाली.

कॅलिपर पायात घालून ती खाटेच्या कडेला बसली. मी जुना खटका काढला, नवा बसवला, पिन टाकली. तिनं गुडघा सरळ केला. नाक खाचेत बसलं. काठी टेकवून ती उठली आणि साडी नीट केली. दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मी मागे हात धरून चालत होते तर म्हणाली, "बाजूले हो."

मग ती लाकडी खुर्चीजवळ आली. मी खाली वाकले, साडी जरा वर धरून खटका दाबावा म्हणून — घरात ती नेहमी तसंच बसायची, वाकून, चाचपडून, कोणी बघत नाही ना ते पाहून. तिनं माझा हात बाजूला केला. सरळ उभी असतानाच तिनं मांडीवरून साडीवरच हात खाली नेला. बोट कापडावरून घसरत गेलं आणि एका जागी अडकलं. दाबलं. गुडघा वाकला. आत्या खुर्चीवर बसली. साडीची एक निरी हलली नव्हती.

तिचं बोट अजून तिथंच होतं. मग म्हणाली, "ही बाबानं काढली होती."

"काय?"

"ही खळगी. मी सहावीत होती तवा. वर्गात बसाचं म्हटलं का फ्रॉक वर करून खटका शोधा लागे. पोट्टे हसत. एक दिवस मी घरी येऊन लय रडली, म्हटलं मी नाई जात शायेत. बाबानं कानस घेतली अन् शेपटीवर अशी खळगी काढून देली. म्हणे, आता कापडावरूनच बोट बसते, वर कराचं कामच नाई." तिनं पुन्हा साडीवरून हात फिरवला. "मंग पाय वाढला, कॅलिपर बदललं. तोपर्यंत बाबा गेले होते. नव्या मिस्त्रीले म्या सांगतलं, त्याच्या ध्यानात नाई आलं. पोरीच्या जातीनं किती समजावून सांगाव माणसाले? मंग मी बसाचंच सोडलं."

आम्ही जिला कडक म्हणायचो ती ही. वर्गभर पोरांसमोर साडी वर धरून चाचपडावं लागू नये म्हणून ती नोकरीभर उभी राहिली होती. आणि हे तिनं माझ्या वडिलांनाही कधी सांगितलं नव्हतं.

मी तिला विचारलं, "आत्या, हे कसं झालं असन?"

"मले काय विचारतं? इंजिनेर तू."

दुसऱ्या दिवशी ती पॅसेंजरनं मूर्तिजापूरला गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजात हसू होतं. तासाला वर्गात गेली, पर्स उचलून खिडकीत ठेवली आणि खुर्चीवर बसली. वर्ग एकदम चिडीचूप झाला. मग पहिल्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाले बरं नाई का?" सांगताना आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. रिटायर होईपर्यंत ती रोज शाळेत गेली. समारंभाला गाडी पाठवू नका म्हणून निरोप दिला आणि स्टेजवर स्वतः चढली. वाटलं तेव्हा उठली, वाटलं तेव्हा बसली.

आता यापुढचं कोणी विचारत नाही, पण माझ्यासाठी गोष्ट इथून सुरू होते.

आत्यानं खटका लावून चालून दाखवला त्याच दिवशी, परत येताना माझ्या डोक्यात आलं की याचे स्पेअर असायला हवेत. पोलाद झिजतं. आणि स्पेअर तर तयारच आहेत, डबाभर. मी सरळ शेडवर गेले. गजूभाऊ शटर ओढत होते.

"गजूभाऊ, ते खटके कुठं हायत?"

"कोणते?"

"स्क्रॅपमधले."

"ते तं भंगारवाला घेऊन गेला. तुमीच म्हटलं ना डोयासमोरून काढा म्हणून."

भंगारवाल्याकडे गेले. त्याचा माल आधीच भट्टीला रवाना झालेला. सलीमभाईंना फोन केला. त्यांनी तर पिंपच रिकामं करून टाकलं होतं, त्याच दुपारी.

हरकत नाही, म्हटलं. उद्या नवे कापू. तोच प्रोग्रॅम, तीच प्लेट, गजूभाऊंचंच सेटिंग. खटका निघाला. शेपटीची कड सरळ. एकदम सरळ, ड्रॉइंगप्रमाणे. ज्या कडेसाठी मी इतके दिवस डोकं फोडलं ती आता पहिल्या फटक्यात आली. मी तिथंच स्टुलावर बसले. गजूभाऊ म्हणाले, "घ्या, आता बरोबर आला." मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यानंतर ते दुपारभर मागच्या बाजूलाच काम करत होते.

पुन्हा कापला. सरळ. अकोल्याला सलीमभाईंकडे आधी ते तयार होईनात, मग माझ्या आग्रहाखातर त्यांनी एक कापला. सरळ.

ठीक आहे, मग खळगी ड्रॉइंगमध्येच घालू. आत्याकडून खटका एका सुट्टीच्या दिवसापुरता मागून आणला, प्रोजेक्टरवर मोजला. खळगीचा गोल, खोली, शेपटीपासूनचं अंतर, कडेची धार, जे जे मोजता येतं ते सगळं. तसा कापला. शेजारी शेजारी ठेवले तर मला स्वतःला ओळखू येईना, म्हणून मूळच्याला मार्करनं टिपका लावावा लागला. आत्याच्या कॅलिपरमध्ये नवा बसवला. उभी राहिली, चालली, सगळं उत्तम. बसायला साडीवरून हात खाली नेला... बोट घसरलं. पुन्हा नेलं, पुन्हा घसरलं.

"हे ते नाई," ती म्हणाली.

मला वाटलं, मनाचे खेळ असतील. टिपका पुसून मी दोन्ही खटके मुठीत हलवले आणि एकेक बसवून दिला. कोणता कोणता आहे ते आता मलाही माहीत नव्हतं. तिला बघायचीही गरज पडली नाही. एकावर बोट बसायचं, दुसऱ्यावर घसरायचं. कितीही वेळा केलं तरी तसंच. मी खळगी थोडी खोल केली, थोडी रुंद केली, कडा बोथट केल्या, धारदार केल्या. एकदा बोट अर्धवट बसलं आणि तिचा तोल गेला. मी धरलं म्हणून वाचली. त्यानंतर मी प्रयोग बंद केले.

हा अनुभव मी कोणाला सांगितला की दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, आजोबांनी येऊन करून दिलं, किती छान. त्यांना सगळं लगेच पटलेलं असतं आणि तेच मला सहन होत नाही. मेल्यानंतर काही उरतं असं मानणारे माझे आजोबा नव्हते. दुसरी म्हणतात, लहानपणी आत्याकडून ऐकलं असशील, नकळत ड्रॉइंगमध्ये आलं असेल. अहो, ड्रॉइंगमध्ये नाहीच आलं ना! फाइल अजून माझ्याकडे आहे, रेषा सरळ आहे. सलीमभाईंनी तर आपल्या हातानं टाइप केली. माझ्या मनात काय होतं ते अकोल्यातल्या मशीनला कुठून कळणार? वाचणाऱ्यांत कोणी टूलरूममधलं असेल आणि हे कशामुळं होतं ते सांगू शकत असेल तर जरूर सांगा. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस इंजिनीअरला मी सांगितलं होतं. तो 'अर्थिंग चेक करा' म्हणाला. अर्थिंग चेक केलं. उत्तम आहे.

मला उत्तर मिळालेलं नाही.

आत्या आता रिटायर आहे. बडनेऱ्याच्या विहारात सकाळी पोरींची शिकवणी घेते. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा ती निघायच्या तयारीत होती. मी तिला म्हटलं, घरात वॉकर वापरत जा, कॅलिपर बाहेर जायचं तेवढंच घाल. हा एकच खटका आहे आत्या, दुसरा मला करता येत नाही. जरा जपून वापर.

ती बूट बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "जिंदगीभर जपूनच चालली व मी. आता नाई जपत." मग उठली, काठी घेतली आणि रस्त्याला लागली, नेहमीपेक्षा भराभर.

मी दारात उभी राहून बघत होते. मला बरं वाटत होतं आणि तेवढाच रागही येत होता. खटका झिजतो आहे. एक दिवस तो सुटेल आणि ती मलाच फोन करेल, दुसऱ्या कोणाला करणार? ती म्हणेल, मने, खटका करून दे. आणि मला तो करता येत नाही.